शनवारी बटण कोण दाबणार?

कॅमेऱ्याच्या तिपाईला तीन पाय असतात आणि त्या तिन्ही पायांत चपला असतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं. तेही शेजारणीकडून. सांगतो, पण आधी नथानियलचं सांगायला हवं, कारण या सगळ्याची काडी त्यानं लावली.

नथानियल माझा चुलतभाऊ. आम्ही कोकणातले यहुदी. आडनाव वाक्रूळकर, त्यामुळे मूळ गाव कोणतं हे विचारायची कुणाला गरजच पडत नाही. कासू स्टेशनावरून चालत निघालं की शेतं ओलांडून आमची वाडी लागते. एकेकाळी तिथं आमच्या लोकांची आळीच होती. एकेक करत सगळे इस्रायलला गेले. आता उरलं एकच घर, त्यात मी आणि बायको रेबेका. मुलगी लग्न होऊन ठाण्याला. नथानियल गेला तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. तो राहतो अश्दोदला, आणि तिथून दर आठवड्याला फोन करून मला एकच प्रश्न विचारतो, "अब्राहम, तू कधी येतोस?"

त्या बुधवारी मात्र त्यानं प्रश्न बदलला. म्हणाला, "अरे, प्रार्थनेला दहा पुरुष लागतात. तुझ्याकडं दोन तरी आहेत का? यहुदी म्हणून राहायला तिथं उरलंय काय? कोण आहे तिथं तुमचं?"

आता माणसानं माझ्या पगाराबद्दल बोलावं, टकलाबद्दल बोलावं, मी ऐकून घेतो. रोह्याच्या कंपनीत उभा जन्म शिफ्ट सुपरवायझर होतो, ऐकून घेण्याची सवय आहे. पण 'कोण आहे तुमचं' म्हटल्यावर माझं डोकं फिरलं. मी म्हणालो, "उरलंय काय ते दाखवतो तुला. एका बाजूनं नाही, चारी बाजूंनी दाखवतो. गोल फोटो काढून पाठवतो. मधे एक इंच सोडणार नाही!"

"पाठव," तो म्हणाला. "रविवारी सकाळी मी तुमचे इकडं यायचे अर्ज द्यायला जाणार आहे. इकडं रविवारी ऑफिसं चालू असतात. त्याआधी फोटो आला आणि मला पटला, तर अर्ज फाडतो आणि हा विषय जन्मात काढत नाही. नाही पटला, तर तुम्ही दोघांनी पुढच्या कागदांवर गुपचूप सह्या करायच्या. आहे कबूल?"

"कबूल!" मी ओरडलो. फोन स्पीकरवर होता. रेबेका वाल सोलत बसली होती. तिनं शेंग खाली ठेवली आणि म्हणाली, "अहो, आता शब्द दिलाय तो पाळायचा हां. मला इथंही चालेल आणि तिथंही चालेल. पण हे दर आठवड्याचं भांडण नाही चालणार."

म्हणजे आता घर, आंगण, मागचे दोन माड आणि माझी अब्रू, सगळं एका फोटोवर येऊन बसलं.

पहिल्यांदा मी मोबाइलवरच प्रयत्न केला. मोबाइल हातात धरून स्वतःभोवती गिरकी घेतली. मला घेरी आली आणि फोटोत शेजारच्या गुणाजीचा गोठा पेटीच्या भात्यासारखा दुमडून आला. मग गुरुवारी पहिली गाडी पकडून रोह्याला गेलो आणि तिथून जवळच्या वरसे गावी विठूकडे. विठूचा वरशाला फोटो स्टुडिओ आहे. लग्नाचे फोटो काढतो. त्यानं कॅमेरा दिला, तिपाई दिली, आणि वर ज्ञानही दिलं.

"काका, कॅमेरा जागचा हलायचा नाही, फक्त गोल फिरायचा. एक फोटो काढला की थोडं वळवायचं, मग दुसरा. आधीच्या फोटोतला थोडा भाग पुढच्यात आला पाहिजे, मग मोबाइल ते आपोआप जोडतो. लेव्हल गेली की सगळं गेलं. आणि माणसं हलली की मेलात. रविवारी सकाळी मला लग्न आहे, त्याच्या आधी कॅमेरा दारात पाहिजे."

जागा मी आधीच ठरवली होती. गुणाजीचं खळं. भात झोडायला आता मशीन येतं, पण गुणाजी अजून दरवर्षी खळं करतो, शेणानं सारवतो, कारण त्याच्या मते वाल मशीनला कळत नाहीत. तिथं मधोमध उभं राहिलं की पूर्वेला रूळ आणि त्यामागं डोंगर, पश्चिमेला खाडीकडची खारी जमीन, एका अंगाला वाडी, दुसऱ्या अंगाला शाळा. माझं अख्खं आयुष्य तिथून गोल दिसतं.

मी खळ्याबाहेर चपला काढल्या, मोठ्या अदबीनं आत गेलो आणि तिपाई उभी केली. लगेच गुणाजीची बायको रंभा ओट्यावरून ओरडली, "आबरामभावजी, तिच्या चपला काढा!"

"कुणाच्या?"

"त्या तीन पायवालीच्या. रबर हाय खाली. खळ्यात पायताण चालत नाय."

मी वाकून पाहिलं. खरंच रबरी टोपणं होती. आता या वयात रंभेशी वाद कोण घालणार! टोपणं काढली, तर आतून निघाले अणकुचीदार खिळे. ते सारवणात असे रुतले, की तिपाई आधी डावीकडं झुकली, मग विचार बदलून खाडीकडं झुकली. गुणाजीनं एका पायाखाली खापरी सरकवली. मग दुसरा पाय रुतला. दुसऱ्याखाली खापरी घातली तर तिसरा रुसला. शेवटी एकदाचे फोटो काढून जोडले, तर पनवेलकडं जाणारी गाडी थेट आभाळात चढत होती आणि शाळा घसरून खाडीत चालली होती.

बरं, एवढ्यावर भागतं तर! आमच्या भागात रस्त्याकडेला कुणी तीन पायांचं काही उभं केलं की माणसांना एकच अर्थ माहीत, जमिनीची मोजणी आली. वाऱ्यासारखी बातमी गेली. पलीकडच्या वाडीतले दोन भाऊ धावत आले. दोघांचा एका बांधावरून जुना वाद. मी म्हटलं, आता मला दगड बसणार. कसलं काय! थोरल्यानं मला बाजूला घेतलं आणि हळूच म्हणाला, "दादा, जरा दोन हात तिकडं सरकवून बघा ना." धाकट्यानं तोवर रेबेकाला शेवग्याच्या शेंगा नेऊन दिल्या. मी दोघांना ओरडून सांगितलं की हा साधा कॅमेरा आहे, मी साधा माणूस आहे. तर दोघंही एकदम म्हणाले, "सगळे सायेब असंच सांगतात." शेंगा मात्र चांगल्या निघाल्या.

ही बातमी ग्रामसेवकापर्यंत पोचायला कितीसा वेळ लागणार? तरुण मुलगा, गाडी खळ्याबाहेर लावून आला. माणूस वाईट नाही, फक्त नियम पाठ आहेत.

"काका, गोल फोटो म्हणजे सगळ्या बाजू येणार. पूर्वेला रेल्वे येते, ती आपल्याकडं नाही. पश्चिमेला खारभूमी, ती पण आपल्याकडं नाही. इकडं विजेचा टॉवर, तिकडं शाळा. चारी दिशांना चार खाती झाली. मी परवानगी देणार कशाची?"

"मग तुमच्याकडं आहे काय?"

त्यानं खाली बघितलं. "हे खळं. पण हे तर गुणाजींचं खासगी आहे." मग बराच विचार करून म्हणाला, "तुम्ही असं करा, पूर्व सोडून बाकीचा गोल काढा."

मी म्हटलं, "अरे बाबा, पूर्व सोडली तर सूर्य कुठून उगवायचा?" त्यावर, सूर्य आपल्या हद्दीत येत नाही, असं तो अगदी गंभीरपणे म्हणाला आणि निघून गेला. मी पण ठरवलं, आता चारी खाती एकदम काढणार. कोण अडवतो बघू.

प्रश्न राहिला खळ्यात रुतणाऱ्या पायांचा. तो सोडवला पेणनं. पेणला आदेशचा गणपतीचा कारखाना आहे आणि माझी त्याच्या वडिलांपासूनची ओळख. शुक्रवारी सकाळी त्याच्याकडं गेलो. तिथं मूर्ती रंगवायची तर रंगारी मूर्तीभोवती फिरत नाही. मूर्ती गोल फिरणाऱ्या पाटावर ठेवतात, रंगारी एका जागी मांडी घालून बसतो आणि हातानं पाट फिरवत जातो. बाप्पा स्वतःच वळून पाठ दाखवतात, सोंड दाखवतात. मी म्हटलं, हेच! अख्खी तिपाई त्या पाटावर उभी करायची. पाय रुतायला नकोत, चपलांचा प्रश्न नको, आणि गोल फिरणं तर फुकटात.

आदेशकडं माघी गणपतीची धावपळ होती. तरी त्यानं एक मोठा पाट काढून दिला. "काका, न्या. पण याच्यावर बाप्पा बसतात. याच्या आसपास मटण-मासळी नको." मग हातातला ब्रश कानावर ठेवत म्हणाला, "आणि एक सांगू? माणसांचे डोळे सांभाळा. बाकी कितीपण चुकलं तर चालतं. डोळे चुकले की गिऱ्हाईक परत देतं."

असा मी, मूर्तिपूजा वर्ज्य असलेल्या धर्मातला माणूस, गणपतीचं आसन छातीशी धरून पेणहून कासूला गाडीनं आलो. डब्यातल्या एका बाईनं पाटाला नमस्कार केला. मी आपली मान हलवली, आता मधल्यामधे मी काय करणार! रेबेकानं दारातच विचारलं, "मूर्ती नाही ना आणलीत?" मी म्हटलं, "नाही. नुसती खुर्ची."

इकडं गुणाजीनं फोटोच्या निमित्तानं पोपटीचा बेत केला होता. मडक्यात भांबुर्ड्याचा पाला, वालाच्या शेंगा आणि मधे कोंबडी. पाटाची अट कळल्यावर त्याचं तोंड उतरलं. कोंबडीच्या जागी बटाटे आले. "बाप्पासाठी करतो," तो म्हणाला, "तुझ्यासाठी नसती सोडली."

दुपारी वाडी जमली. गोल उभी राहिली. पाट झकास फिरला, तिपाई ताठ, सगळं मनासारखं. मी एकेक फोटो काढत वळलो. जोडून बघतो तर काय, फोटोत सगळीकडं गुणाजी! डोंगराखाली गुणाजी, टॉवरखाली गुणाजी, शाळेसमोर रंभेच्या उजव्या हाताला गुणाजी आणि डाव्या हातालाही गुणाजी. त्याची म्हैस एवढी लांबली होती, की तोंड वाडीत आणि शेपूट शाळेत.

"हे काय रे?" मी विचारलं.

"तूच वळत होतास," गुणाजी म्हणाला. "मला वाटलं, तू मला सोडून पुढच्यांचं काढतोस. म्हणून मी पुढंपुढं सरकत होतो. म्हशीला पण घेतली."

मी डोक्याला हात लावला. पुन्हा सगळ्यांना उभं करायला गेलो, तोवर ऊन डोंगरावरून उतरलं. रेबेका घरातून म्हणाली, "अहो, दिव्याची वेळ झाली." शुक्रवारी सूर्य बुडाला की आमचा शनवार सुरू होतो. मी कॅमेरा तसाच झाकून पाटावर ठेवला आणि घरी आलो. रेबेकानं दिवे लावले. मी प्रार्थना म्हटली, पण लक्ष सगळं खळ्यात होतं. हातात फक्त उद्याचा दिवस उरला होता. परवा कॅमेरा वरशाच्या लग्नात असणार आणि नथानियल ऑफिसच्या रांगेत.

मी मनाशी ठरवून टाकलं, उद्या काढायचा. शनवार तर शनवार. देवानं मला कधी रिकाम्या हातानं परत पाठवलं नाही. तो एवढं समजून घेईल. रात्री मी ते रेबेकाला सांगितलं नाही. तिनंही विचारलं नाही. तिचा तो स्वभावच आहे, मला पडू देते आणि मग बघते.

सकाळी ऊन छान पडलं. सगळे आले. कालच्या अनुभवानं शहाणे झालेले, आपापली जागा धरून उभे. ग्रामसेवकही आला. त्याला सुट्टी होती, म्हणून आज तो नुसता माणूस होता. गुणाजी दाढी करून, दिवाळीतला शर्ट घालून पहिल्या रांगेत. मी खळ्यात शिरलो, कॅमेऱ्यावरचा टॉवेल काढला आणि हात पुढं केला.

"आबरामभावजी," रंभा म्हणाली, "हात काढा."

"आता काय? चपला काढल्यात ना तिच्या?"

"आज शनवार हाय."

मी म्हटलं, "असू दे. एवढंच बटण दाबायचंय. देवाला समजतं."

"देवाला समजंल," रंभा म्हणाली, "आमाला नाय समजत."

सगळ्या माना हलल्या. अहो, मी बघतच राहिलो. चाळीस वर्षं कंपनीत दिवाळीची, होळीची, रविवारची ड्यूटी करून मी शनवार सोडवून घेतला, तेव्हा मॅनेजर कधी असा आडवा आला नव्हता! मी म्हटलं, "हे काही काम नाही, हौस आहे."

"हौस?" गुणाजी म्हणाला. "मग काल घाम कशाचा गळत होता?"

माझं टाळकं सटकलं. "हा माझा धर्म आहे! माझा शनवार! मी ठेवीन नाहीतर मोडीन, तुम्ही कोण सांगणार?"

रंभा दोन पावलं पुढं आली. "तुमचा एकट्याचा कुठला? आमी पण पाळलाय तो. तुमच्या आज्याचा तेलाचा घाणा शनवारी बंद, म्हणून आमच्या घरात शनवारी तेल नसायचं. माझी सासू जन्मभर दर शनवारी तुमच्या चुलीत इस्तव घालून आली. म्हातारपणी पाय सुजले तरी गेली. ती काय उगाच गेली? आज तुमी येक बटण दाबलंत, की तिचं सगळं जाणं फुकट."

राग तर होताच, पण त्याच्या खाली दुसरंच काहीतरी दाटून आलं आणि नाकातून पाणी आलं. मी टॉवेलनं तोंड पुसलं. रेबेका पदर तोंडाला लावून उभी होती. हसत होती की रडत होती, सांगता येणार नाही. बहुतेक दोन्ही.

"मग फोटोचं काय?" मी कसंबसं म्हटलं. "उद्या सकाळी नथा अर्ज देणार. आम्हाला जावं लागेल इथून. शब्द दिलाय."

वाडीत कुणालाच हे माहीत नव्हतं. गुणाजीनं माझ्याकडं बघितलं, मग पाटाकडं बघितलं. "जावं लागेल म्हंजे? बाजूला सर," तो म्हणाला. "मी दाबतो. कुठलं बटण?"

"हे बघ, हे काळं..."

"ए!" रंभा ओरडली. "सांगायचं पण नाय!"

हेही खरंच होतं. शनवारी आम्ही काम करत नाही आणि दुसऱ्याला करायला सांगतही नाही. माझी आई कधीच म्हणाली नाही की चूल पेटवून द्या. ती दारात उभी राहून कुणालाच उद्देशून नाही असं म्हणायची, "आज बाई गारठा फार पडलाय." की गुणाजीची आई इस्तव घेऊन हजर. मी ही रीत लहानपणापासून बघितली होती. पण गारठा वेगळा आणि कॅमेरा वेगळा.

मी मागं सरलो. रंभा आणि रेबेकाच्या मधे, गोलात जाऊन उभा राहिलो. हात पाठीमागं बांधले. घसा खाकरला आणि आभाळाकडं बघून म्हणालो, "आज डोंगराच्या बाजूला उजेड काय छान पडलाय!"

गुणाजीनं डोंगराकडं बघितलं. "व्हय. पडलाय खरा."

"अरे, कॅमेरा तिकडं वळव म्हणतात ते," रंभेनं समजावलं.

गुणाजीनं पाट वळवला. मी पुढं म्हणालो, "काही लोकांच्या हाताखाली काळं बटण असतं. त्यांनी ते हळूच दाबलं, तर मला काही वाईट वाटणार नाही."

खट्! पहिला फोटो. वाडीनं टाळ्या वाजवल्या. मी पुन्हा आभाळाकडं तोंड केलं. "टाळ्या वाजवताना माणसं हलतात, असं वरशाला ऐकलं होतं."

सगळे जागच्या जागी थिजले.

असा तो फोटो निघाला. मी म्हणायचो, "टॉवर एकटाच राहिलाय बिचारा," की गुणाजी टॉवरकडं वळायचा. मी म्हणायचो, "पूर्वी लोक एकदम एवढं वळत नसत, शेजाऱ्याची थोडी आठवण ठेवत," की तो चुकून जास्त वळलेला पाट अर्धा मागं घ्यायचा. ग्रामसेवकानं ओरडून विचारलं, "काका, माझ्या बाजूचा झाला का?" मी म्हटलं, "जे बोलतात त्यांचं तोंड फोटोत वाकडं येतं म्हणे." पाट वळला की गुणाजी त्याच्या मागोमाग वळायचा, मळणीत बैलामागं चालल्यासारखा, एकेक पाऊल मोजून. मधेच म्हणाला, "आबराम, हे सोपं हाय रे. तू कशाला दोन दिस घालवलेस?"

गोल पुरा झाला. मग त्याच्या लक्षात आलं. तो दिवाळीच्या शर्टाकडं बघत म्हणाला, "आन् माझा?"

मग स्वतःच म्हणाला, "जाऊ दे. काल लय झाला माझा."

संध्याकाळी आभाळात तारे दिसले, शनवार सुटला आणि मी झडप घालून मोबाइल उघडला. फोटो जोडला. नमुनेदार नव्हता, खोटं कशाला सांगू. शाळेजवळ जमीन जराशी बसली होती. खाडीच्या वर गुणाजीचा अंगठा लाल ढगासारखा आला होता. पण डोळे सगळ्यांचे जागच्या जागी होते. पूर्वेपासून पूर्वेपर्यंत अख्खी वाडी होती. आणि मधे कुठंतरी रंभेच्या शेजारी, हात पाठीमागं बांधून आभाळाकडं बघणारा एक येडा म्हातारा होता. मी तो नथानियलला पाठवला. खाली काही लिहिलं नाही. वाटलं, पटलं तर पटलं, नाहीतर सह्या करीन, पण स्पष्टीकरण देणार नाही.

रात्रभर उत्तर नाही. सकाळी गाडी पकडून कॅमेरा वरशाला पोचवला, परत आलो, तरी उत्तर नाही. रेबेकानं चहा टाकला. गुणाजी आणि रंभा येऊन बसले. कुणी फोटोचं नाव काढेना. मग फोन वाजला. मी स्पीकरवर टाकला.

"रंभा ना ती?" नथानियलनं एकदम सुरुवात केली. "केस पांढरे झाले की तिचे! आणि तो टॉवर कधी आला? चिंच कुठं गेली शाळेची? थांब, थांब, मी सगळ्यांना शोधतोय सकाळपासून." मग त्याचा आवाज खाली आला. "अब्राहम, गुणाजी दिसला नाही रे कुठं. मी तीन वेळा बघितलं. गेला का? मला कळवायचं तरी!"

गुणाजीनं बशी खाली ठेवली.

"गेला नाही," मी म्हणालो. "चहा पितोय माझा. फोटो त्यानं काढलाय."

"त्यानं? आणि तू काय करत होतास? नुसता हात मागं बांधून उभा दिसतोस."

"काल शनवार होता. मला कॅमेऱ्याला हात लावू दिला नाही कुणी."

"कुणी म्हणजे?"

मी सांगितलं. रंभा काय म्हणाली, त्या जुन्या चुलीचं, सगळं सांगितलं.

"नथा, ऐकतोयस ना? रात्री पाठवला फोटो, आता बघतोस होय?"

"काल शिफ्ट होती रे माझी," तो म्हणाला. "शनवारी जास्त पैसे मिळतात म्हणून घेतो मी. इथं कोण विचारतंय..." आणि वाक्य तसंच सोडून दिलं.

तीन दिवस मी या क्षणासाठी शब्द धारदार करून ठेवले होते. ते मी चहाबरोबर गिळून टाकले. रेबेकाच पुढं झाली. "भावजी, अर्जांचं काय करताय?"

"फाडतो, वहिनी," नथानियल म्हणाला. "आत्ताच फाडतो. ऐका." फोनमधून कागद फाटल्याचा आवाज आला. मग तो नाक ओढत म्हणाला, "मीच येऊन जातो एकदा. पुढच्या महिन्यात बघतो. शुक्रवारी रात्री निघालो, तर शनवारी सकाळी मुंबईत उतरेन, टॅक्सी केली की दुपारी जेवायला वाडीत..."

गुणाजीनं माझ्या हातातला फोन ओढून घेतला.

"शनवारी? शनवारी गाडीत बसून वाडीत शिरायचं नाय, सांगून ठेवतो नथा! शुक्रवारी उजेड हाय तवर पोच. नायतर बस मुंबईतच रविवारपर्यंत!"